वसंतदादांनी १९८३ साली दार उघडलं, की दुकान?

आयर्विन_पूल (धागाकर्ता)

ऑफिसात नवीन लागलेल्या एका पोराने परवा डबा खाताना विचारलं, "सर, तुमच्या सांगलीत जिथे तिथे वसंतदादा पाटलांचं नाव. ते कारखानावालेच ना?" पोरगा एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेला. मी म्हटलं, बाबा, कारखाना राहू दे, तू आज या खुर्चीत बसलायस त्यात त्या माणसाच्या एका सहीचा वाटा आहे. त्याला काही पटलं नाही. म्हणून हा धागा.

दादांबद्दल बोलायला लागलं की गाडी तीनच स्टेशनांवर थांबते. पहिलं, २४ जुलै १९४३. सांगलीचा तुरुंग फोडून साथीदारांसह पळाले, खंदक, पोलिसांचा गोळीबार, दादांच्या खांद्यात गोळी, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबू जाधव जागीच गेले. दुसरं, साखर कारखाना आणि सहकार. तिसरं, १९७८ आणि शरद पवारांनी सरकार पाडून पाठीत खुपसला म्हणतात तो खंजीर. चार वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि एकदाही पाच वर्षं सलग मिळाली नाहीत, हे त्यात ओघाने येतंच.

माझं म्हणणं असं की या तिन्हींपेक्षा मोठं काम चौथं आहे आणि त्याचा कुठे पुतळा नाही. २ फेब्रुवारी १९८३ ला दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग, मेडिकल कॉलेजं काढायला परवानगी दिली. त्याआधी काय होतं? पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, आमचं वालचंद, कराड, औरंगाबाद, अमरावतीची सरकारी, नागपूरचं रिजनल आणि अशीच काही मोजकी. बारावीला ऐंशी टक्के पाडून पोरगं घरी बसायचं. ज्याच्या बापाकडे पैसा तो मणिपाल, दावणगिरी, बेळगाव गाठायचा. म्हणजे महाराष्ट्राची पोरं, महाराष्ट्राचा पैसा आणि कॉलेजं कर्नाटकाची.

जेमतेम शाळा शिकलेल्या माणसाला जे कळलं ते भल्या भल्या विद्वानांना कळलं नव्हतं. बोला आता.

---

हळदीचं_पोतं

शेवटचं वाक्य दर जयंतीला ऐकतो. फ्लेक्सवरचं आहे, इथे नको.

मुद्द्यावर येतो. दादांना मुलांची कणव आली म्हणून हा निर्णय झाला, हे मला मान्य नाही. १९८३ ला तिजोरी खडखडीत होती. सरकारला स्वतः कॉलेजं काढायची नव्हती, पण बारावीच्या पोरांचा आणि त्यांच्या बापांचा रेटा वाढत होता. त्यावर उपाय म्हणून लायसन वाटली. आणि वाटली कोणाला? ज्यांच्याकडे आधीच कारखाना, सूतगिरणी, दूधसंघ आणि बँक होती त्यांना. साखरसम्राटांचे शिक्षणसम्राट झाले. जमीन नाममात्र भाड्याने किंवा दान म्हणून, उसाच्या बिलातून कपात करून इमारत निधी, आणि चेअरमन मात्र पिढ्यान् पिढ्या एकाच घरातला. कारखान्यात निदान सभासदाला वर्षातून एकदा उठून प्रश्न विचारता येतो, भले माईक बंद करोत. कॉलेजच्या ट्रस्टमध्ये विचारणारा कोण? नवरा, बायको, मेहुणा आणि सीए.

दादांचं सहकारातलं काम मी नाकारत नाही. उसाचं संशोधन व्हावं म्हणून पुण्याजवळ मांजरीला जी संस्था १९७५ ला उभी राहिली, तिला आज त्यांचं नाव आहे आणि ते योग्यच आहे. पण तीच सहकाराची कल्पना शिक्षणात का नाही आणली? पालक आणि माजी विद्यार्थी सभासद असलेलं कॉलेज का नाही निघालं? उत्तर सोपं आहे. तसं निघालं असतं तर कुणाच्या घरात आलं नसतं.

---

आयर्विन_पूल

फ्लेक्सचा टोला मान्य. वाक्य मागे.

पण "वाटली कोणाला" मध्ये एक गंमत सांगतो. दादा आणि त्यांचे जिल्ह्यातले विरोधक राजारामबापू पाटील यांचं सांगली जिल्ह्यात किती सख्य होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. चांदोली की खुजगाव या एका धरणावरून अख्खा जिल्हा दोन गटांत वाटला गेला होता. त्याच बापूंच्या भागात, साखराळ्याला, १९८३ मध्येच इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं. आज बापूंच्याच नावाने चालतं, आणि चांगलं चालतं. नुसती आपली माणसं जगवायची असती तर विरोधकाच्या दारात कॉलेज येऊ दिलं असतं का?

---

हळदीचं_पोतं

विरोधक असला तरी कारखानदारच ना!

---

जुना_मास्तर

मी अनुदानित तंत्रनिकेतनात तेहतीस वर्षं शिकवलं. त्या काळात नव्या कॉलेजांच्या तपासणीला आमच्यातल्या काहींना विद्यापीठ पाठवायचं, दोनदा मीही गेलो. नाव कुणाचंच घेत नाही.

एका ठिकाणी "वर्कशॉप" म्हणून दाखवलं ते गुळाचं गोदाम होतं. गुळाचा वास जात नव्हता, जमिनीला पाय चिकटत होते. लेथ मशिनं रांगेत उभी, नवी कोरी, पण एकाचीही वायर भिंतीपर्यंत पोहोचलेली नाही. मी विचारलं, "करंट कुठून देता?" प्राचार्य म्हणाले, "सर, कनेक्शन येत्या आठवड्यात." मशिनच्या पायाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी होती, तिच्यावर दुसऱ्याच एका संस्थेचं नाव. म्हणजे तपासणीपुरती उसनी आणलेली. आम्ही तिघांनी तसा अहवाल दिला. कॉलेज त्याच जूनमध्ये सुरू झालं.

आता दुसरी बाजू. तेच कॉलेज मी बारा-तेरा वर्षांनी पुन्हा पाहिलं. चांगल्या इमारती, चालू लेथ, आणि माझाच एक डिप्लोमाचा विद्यार्थी तिथे विभागप्रमुख. तेव्हा मी दोन्ही बाजूंना थोडा थोडा आहे.

पण एक हिशेब मांडायलाच हवा. दार उघडलं १९८३ ला. कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी वर घेतली जाणारी रक्कम, तिच्या बंदीचा राज्याचा कायदा आला १९८७ ला. एआयसीटीईला, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेला, कायद्याचे दात मिळाले तेही १९८७ च्याच कायद्याने. फ्री सीट आणि पेमेंट सीट ही वाटणी सुप्रीम कोर्टाने उन्नीकृष्णन खटल्यात घालून दिली, ती १९९३ ला. म्हणजे दहा वर्षं कुणाला घ्यायचं, किती पैसे घ्यायचे आणि पावती कितीची द्यायची, हे संस्थाचालकाच्या मर्जीवर. आधी लग्न आणि मग पत्रिका, असा कारभार झाला. दादांवर माझा आक्षेप दार उघडण्याचा नाही, दाराशी राखणदार न बसवण्याचा आहे.

---

टिंगरेनगरचा_टिंकू

मास्तर, गुळाचं गोदाम 😂 सर्वात गोड वर्कशॉप.

---

वऱ्हाडी_ठेचा

पश्चिम महाराष्ट्राच्या मंडळींचा हा घरगुती वाद चालू असताना आम्हीही जरा डोकावतो.

दादांच्याच सरकारने १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांची समिती नेमली, प्रादेशिक असमतोल मोजायला. समितीने १९८४ मध्ये अनुशेष काढला ३,१८६ कोटींचा, आणि त्यात सर्वात मोठा वाटा सिंचनाचा. दादा स्वतः पाटबंधारे खात्याचे मंत्री राहिलेले, पाणी म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? मोजमाप केलं याचं श्रेय पूर्ण देतो, कारण आरसा मागवायलाही हिंमत लागते. पण आरसा पाहून तोंड धुवायचं राहिलं. अहवाल बासनात गेला. म्हणून कॉलेजांचं कौतुक ऐकलं की आमच्याकडचा माणूस म्हणतो, भाऊ, ऊस जिथे होता तिथेच कॉलेज उगवलं. कापसाला फीसुद्धा परवडत नव्हती.

---

आयर्विन_पूल

ठेचासाहेब, शेगाव विसरलात?

---

वऱ्हाडी_ठेचा

विसरेन कसा, धाकटा भाऊ तिथलाच आहे. खरं तर हळदीवाल्यांना माझं उत्तर तेच होतं. शेगावला गजानन महाराज संस्थानने १९८३ मध्येच, याच धोरणाखाली इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. बडनेऱ्यालाही त्याच सुमारास निघालं. शेगावात काय झालं? भावाच्या प्रवेशाला बाबा कमरेला पैसे बांधून गेले होते. ऐकीव माहिती अशी की टेबलाखालून द्यावे लागतात. खिडकीवरच्या माणसाने फी घेतली, पावती दिली आणि म्हणाला, "माउली, प्रसाद घेऊन जा." उरलेले पैसे तसेच कमरेला घेऊन बाबा परत आले आणि चार दिवस कुणाला सांगेनात, काहीतरी द्यायचं राहून गेलं असेल या भीतीने.

तेव्हा धोरण एकच, हात वेगळे. दादांनी भांडं दिलं, कुणी त्यात अन्नछत्र चालवलं, कुणी गुत्ता. अनुशेषाचं भांडण मात्र मी सोडत नाही.

---

हळदीचं_पोतं

एका शेगावच्या मागे किती गुत्ते, तेही मोजा. अपवाद दाखवून धोरण पास होत नसतं.

---

गिरणगाव१९८२

धागा सगळा कृष्णाकाठी चाललाय म्हणून मुंबईची आठवण देतो. दादा फेब्रुवारी १९८३ ला आले तेव्हा आमचा गिरणी संप वर्ष उलटून पुढे गेला होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. दादा शेतकऱ्यांतून आलेला माणूस, सहकारी सूतगिरण्यांना बळ देणारा माणूस, यांना तरी पोटाची भाषा कळेल असं माझ्या वडिलांना वाटलं होतं. काही झालं नाही. संप कुणी मागे घेतला नाही, मिटवलाही नाही, तो विझला. वडील भायखळ्याला फुटपाथवर पट्टे विकायला बसले. लोअर परळच्या चाळीतल्या पोराला कुठलं इंजिनिअरिंग? तुमचं दार आमच्या गल्लीत नव्हतंच.

आणि १९८५ चं विसरू नका. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा दिल्लीत डाव आहे, असं बोलले कोण? काँग्रेसचेच मुख्यमंत्री, म्हणजे दादाच. महापालिकेची निवडणूक तोंडावर. शिवसेनेला आयतं कोलीत मिळालं, पालिका हातात आली, भुजबळ महापौर झाले. याला भोळेपणा म्हणायचं की डोकं?

---

टिंगरेनगरचा_टिंकू

डोकंच! पक्षातल्या मुंबईकरांची जिरवायची होती.

---

जुना_मास्तर

टिंकू, पोटात शिरून पाहिलंस काय? त्यांच्या मनात काय होतं ते कुणाला माहीत. परिणाम काय झाला एवढंच दिसतं.

गिरणगाव, तुमच्या वडिलांचं वाचून कसंसंच झालं. दादांकडून संपाबाबत अपेक्षा होती हे खरं आहे आणि ती फोल गेली हेही खरं.

---

पैलवान_कट्टा

एवढा धागा झाला आणि खंजिरावर कुणीच बोललं नाही? १८ जुलै १९७८. विधानसभा चालू असताना स्वतःच्याच मंत्रिमंडळातला माणूस, शरद पवार, आमदार फोडून बाहेर पडतो आणि अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री होतो. दादांनी ज्यांना मोठं केलं त्यांनीच...

---

हळदीचं_पोतं

पैलवान, ती रेकॉर्ड घासून गुळगुळीत झाली. त्या आधीच्या वर्षी काय झालं होतं? शंकरराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडल्यावर दादा राजकारण सोडून बसले होते. १९७७ ला लोकसभेत काँग्रेसला ४८ पैकी २० जागा मिळाल्या, शंकररावांची खुर्ची गेली आणि तिच्यावर संन्यासी येऊन बसले. राजकारणात सगळ्यांच्याच पाठीला व्रण आणि सगळ्यांच्याच हातात काहीतरी. आणि ७८ चं सरकार तरी कसलं? दोन काँग्रेसची मोट. इंदिरा काँग्रेसचे तिरपुडे उपमुख्यमंत्री आणि रोज सकाळी मुख्यमंत्र्यांच्याच गटाला झोडपायचं. ते पडणारच होतं.

---

पैलवान_कट्टा

पडणं वेगळं, पाडणं वेगळं. बाकी १९८५ चा राजीनामा बघा. २८८ पैकी १६१ आमदार निवडून आणले, आणि दिल्लीने मर्जीविरुद्ध प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केलं म्हणून दादांनी तीन महिन्यांत मुख्यमंत्रिपद सोडलं. आज असा एक माणूस दाखवा. राजस्थानचं राज्यपालपदही त्यांनी मुदतीआधी सोडलं. खुर्ची त्यांना चिकटली नाही.

---

आयर्विन_पूल

पैलवान, हे मान्य, पण त्या राजीनाम्याचं नुकसान आपल्याच विषयाला झालं. धोरण आणलं १९८३ ला आणि ते रुळावर आणायच्या वेळी दादा जयपूरला. पुढची तीन वर्षं मुख्यमंत्री बदलत राहिले, निलंगेकर, मग शंकरराव, मग पवार. मास्तर ज्या राखणदाराबद्दल म्हणतात तो नेमायला माणूसच जागेवर नव्हता. ही सबब नाही, पण हिशेबात धरा.

---

सातबारा_उतारा

मी इथे फार लिहीत नाही. वाचून राहवलं नाही.

मी १९८६ च्या बॅचची. बाई आहे, आणि हे सांगायचं कारण आहे. तोवर आमच्या तालुक्यातून मुलगी इंजिनिअर झालेली मला ऐकून माहीत नव्हती. वालचंदला नंबर लागला नाही. कर्नाटकात पाठवायचा प्रश्नच नव्हता, आजी म्हणाली, "परमुलखात पोरगी ठेवून आम्ही झोपायचं कसं?" मग एसटीने पाऊण तासावर नवीन कॉलेज निघालं. सकाळी सातची गाडी, संध्याकाळी साडेसहाला घरी. आजीची अट एवढीच, अंधार पडायच्या आत उंबऱ्यात. माझ्या वर्गात साठ मुलांत आम्ही चार मुली, चौघीही एसटीवाल्या. वसतिगृहात राहायची परवानगी चौघींपैकी एकीलाही मिळाली नसती. तेव्हा अंतर कमी झालं हेच माझ्यासाठी शिक्षण होतं. सम्राटांचं काय ते तुम्ही बघा.

आणि आता माझं नाव असं का ते. कॉलेजातल्या त्या जागेसाठी वडिलांनी विहिरीकडचं दीड एकर विकलं. घेणारा कोण? संस्थेच्याच संचालकाचा भाचा. वडिलांनी एका हाताने त्याच्याकडून घेतले आणि दुसऱ्या हाताने त्याच्याच मामाला दिले. पावती मिळाली निम्म्याहून कमी रकमेची, वर लिहिलेलं "इमारत निधीस स्वखुशीने देणगी". वडील सहीपुरते शिकलेले. मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते "स्वखुशीने" या शब्दावर इतके हसले की आई आतून बाहेर आली.

दार की दुकान विचारताय. मला दोन्ही एकाच चौकटीत दिसलं.

---

हळदीचं_पोतं

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण राग आणखी वाढला, तुमच्यावर नव्हे.

---

सीएचबी_सर

आजचं सांगतो, कारण सगळे ऐंशीच्या दशकात रमलेत.

मी एका विनाअनुदानित कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे, नाव सांगत नाही. शेवटचा पूर्ण पगार पाच महिन्यांपूर्वी आला. विचारलं की अकाउंटवाले म्हणतात, "शासनाकडून शिष्यवृत्तीचे पैसे अडकलेत." आता बघा विनोद. १९८३ चं सूत्र काय होतं? सरकार एक पैसा देणार नाही, संस्था आपलं बघेल. आज मागास प्रवर्गाची फी सरकार भरतं, ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची, निम्मी भरतं, आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची पूर्ण भरतं. मुलांना मिळतंय ते उत्तमच, मीही तसाच शिकलो. पण म्हणजे अनुदान पुढच्या दाराने बंद केलं ते मागच्या दाराने आत आलं. फरक इतकाच, अनुदानित कॉलेजात पैसा शिक्षकाच्या पगारावर यायचा, आता तो फी म्हणून संस्थेकडे जातो आणि तिथून खाली किती झिरपायचा ते संस्था ठरवते.

वर्गांचं म्हणाल तर मेकॅनिकल, सिव्हिलच्या जागा मधली काही वर्षं ओस पडल्या होत्या. आम्हाला मे महिन्यात गावोगाव पाठवायचे, प्रत्येकी दहा अ‍ॅडमिशन आणा म्हणून. एकेकाळी बाप कमरेला पैसे बांधून कॉलेजच्या दारात, आता प्राध्यापक पेट्रोल टाकून बापाच्या दारात.

---

जुना_मास्तर

सीएचबी सरांनी नेमकं बोट ठेवलं. "विनाअनुदानित" हा शब्द आता फक्त शिक्षकांना लागू राहिला आहे.

---

आयर्विन_पूल

तीन दिवस वाचतोय. मूळ लिखाणात दुरुस्ती करतो. "सर्वात मोठं काम" हे मी अजून म्हणेन, पण "एका सहीचा वाटा" हे अर्धवट होतं. सही दादांची, पैसे सातबाराताईंच्या वडिलांचे आणि पगार सीएचबी सरांचा, असं म्हणायला हवं होतं. हळदीवाल्यांशी सहकारी कॉलेजाच्या मुद्द्यावर भांडण बाकी आहे. माझ्या मते सभासदांचं कॉलेज निघालं असतं तरी दहा वर्षांत ते एकाच पॅनेलच्या हातात गेलं असतं. आपल्या कारखान्याचंच बघा. एकेकाळी आशियातला मोठा म्हणून मिरवलेला, दादांनी उभा केलेला, सभासदांचा. शेवटी कर्जापायी दुसऱ्या कंपनीला भाड्याने चालवायला द्यावा लागला.

---

हळदीचं_पोतं

पण तो भाड्याने दिला हे तुम्हाला कळलं तरी. सभेत आरडाओरडा झाला, पेपरात आलं. गुळाच्या गोदामातली लेथ कुणाची होती, ते चाळीस वर्षांनी मास्तरांकडून कळतंय.

---

वऱ्हाडी_ठेचा

मास्तर, आता सांगूनच टाका, त्या सुतळीच्या चिठ्ठीवर नाव कुणाचं होतं?

---

जुना_मास्तर

नाही सांगणार. पण त्या संस्थेची तपासणी आम्हालाच पुढच्या मंगळवारी होती. मशिनं तिथे वेळेत परत पोहोचली होती.